गाणं चालू, स्क्रीन मेली: लिनक्स लॅपटॉप हँग होण्यामागची चाळीस वर्षांची गोष्ट

या वेळच्या एपिसोडचं हे लेखी रूप. ज्यांनी लोकलमध्ये ऐकायला सुरुवात केली आणि विक्रोळी-कांजूरच्या गर्दीत अर्धं हरवलं, त्यांनी इथे निवांत वाचा.

आजचा विषय मुद्दाम घेतलाय. लिनक्स टाकलेला लॅपटॉप. पीडीएफ उघडलीय, मागे गाणं चालू आहे. अचानक माऊस हलत नाही. घड्याळ १०:४२ वर अडकलं, की अडकलंच. पण गाणं? गाणं मजेत चालू! आता सांगा, लॅपटॉप हँग झालाय की नाही?

या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमचे पाच-सहा हजार रुपये वाचू शकतात, हे मी उगाच म्हणत नाही. पुढे येईलच. पण आधी हे असं का होतं, ते बघू. त्यासाठी थेट १९८४ सालात जावं लागेल, कारण आज रात्री तुमच्या बोरिवलीच्या खोलीत जी स्क्रीन अडकते, तिच्या अडकण्याचा पाया तेव्हा घातला गेला.

१९८४. अमेरिकेतली एमआयटी. तिथे अथेना नावाचा प्रकल्प चालू होता. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर एकसारख्या खिडक्या, एकसारखं चित्र दिसावं म्हणून तिथे एक्स विंडो सिस्टिम जन्माला आली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती आली, एक्स-११. हे एक्स-११ इतकं टिकलं की लिनक्सवर माऊस आणि खिडक्या म्हटलं, की पुढची जवळपास तीस वर्षं तेच. त्या वेळी लिनक्स नव्हतंच. लायनस टॉरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली ऑगस्ट १९९१मध्ये. नंतर साध्या पीसीवर हे एक्स चालवायला एक्सफ्री-८६ नावाचा प्रकल्प आला, आणि खरी भानगड तिथे सुरू झाली.

भानगड अशी. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हा कॉम्प्युटरचा मालक. मेमरी कोणाला द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, कीबोर्डचं बटण कोणाकडे जाणार, सगळं तो ठरवतो. पण ग्राफिक्स कार्ड? तिथे एक्सफ्री-८६ कर्नलला बाजूला सारून थेट कार्डाशी बोलायचा. रूटचे सगळे अधिकार घेऊन, कार्डाच्या आतल्या जागांवर स्वतःच आकडे लिहायचा. कर्नलला पत्ताच नाही की कार्डाचं काय चाललंय. काळ्या पडद्यावरची अक्षरं दाखवायची तर कर्नल कार्ड हलवणार, खिडक्या दाखवायच्या तर एक्स हलवणार. एका रिक्षाला दोन हँडल, आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांशी बोलत नाहीत. वळणावर काय होणार?

तेच व्हायचं. काळ्या पडद्यावरून खिडक्यांकडे जाताना किंवा परत येताना कार्ड बावचळायचं आणि स्क्रीन अडकायची. अडकली की कर्नल जिवंत असला तरी तुम्हाला काही सांगू शकायचा नाही, कारण सांगायचं कुठे? स्क्रीन तर त्याच्या हातात नाही!

आता मुंबईत या. लिनक्स आपल्याकडे घराघरांत आलं ते इंटरनेटवरून नाही. व्हीएसएनएलने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही डायल-अप. त्याआधी आपल्या उपनगरांत इंटरनेट म्हणजे दोन पत्ते: पवईचं आयआयटी आणि जुहूचं एनसीएसटी. दोघंही ईआरनेट या शैक्षणिक जाळ्याच्या सुरुवातीच्या आठ संस्थांमधले. (एनसीएसटी पुढे २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झालं.) घरून डायल-अपवर अख्खं लिनक्स उतरवायचं म्हटलं तर फोनचं बिल बघून घरच्यांनी घराबाहेर काढलं असतं. त्यामुळे लिनक्स आलं सीडीवरून. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ साली अंकाबरोबर स्लॅकवेअर लिनक्सची सीडी वाटली. या उपक्रमामागे बेंगळुरूचे अतुल चिटणीस होते, २०१३ साली ते गेले. भारतात एका पूर्ण पिढीचं लिनक्स त्या सीड्यांनी सुरू झालं, हे मी जरा ठासूनच म्हणेन.

आणि सीडी टाकली, की पहिली भिंत कोणती? ग्राफिक्स! लॅमिंग्टन रोडवर जुळवून घेतलेल्या पीसीत एसथ्री, ट्रायडंट, सिस असली कार्डं असायची. लिनक्सला त्या कार्डाचं नाव, त्यातली मेमरी, आणि मॉनिटरची आडवी-उभी फ्रिक्वेन्सी हे सगळं हाताने एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागायचं. फ्रिक्वेन्सी चुकली तर जुना काचेचा मॉनिटर बिघडू शकतो, असा इशारा कागदपत्रांतच असायचा. आता विचार करा, बाबांनी पीएफमधून पैसे काढून पीसी घेतलाय आणि तुम्ही त्या फाइलमध्ये अंदाजे आकडे भरताय...

२००४ साली परवान्याच्या वादावरून एक्सफ्री-८६ फुटला आणि बहुतेक सगळे एक्स-डॉट-ऑर्गकडे गेले. त्या भांडणात आज शिरत नाही, कंटाळाल. महत्त्वाचा बदल आला मार्च २००९मध्ये. लिनक्स २.६.२९ या आवृत्तीत स्क्रीनचं रिझोल्यूशन ठरवायचं काम एक्सकडून काढून कर्नलकडे आलं. आधी इंटेलच्या चिपसाठी, मग बाकीच्यांसाठी. याला म्हणतात कर्नल मोड सेटिंग. रिक्षाचं हँडल एकाच्या हातात आलं.

तुम्ही इंटरनेटवर शोधता ना, 'लिनक्स लॅपटॉप हँग होतो, काय करू?' आणि कोणीतरी सांगतं, 'नोमोडसेट टाक'. तो शब्द इथून आला. बूट होताना कर्नलला सांगायचं: बाबा, तू स्क्रीनचा मोड बदलू नकोस, जे साधं चित्र मिळालंय त्यावर भागव. उबुंटूच्या इन्स्टॉल मेनूत 'सेफ ग्राफिक्स' दिसतं, तेही याच जातीचं. आणि इथे माझं स्पष्ट मत: नोमोडसेट ही तपासणी आहे, औषध नाही. ते टाकून हँग होणं थांबलं, तर एवढंच कळलं की घोळ ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आहे. पुष्कळ जण ते तसंच ठेवतात आणि मग वर्षभर 'लिनक्सवर यूट्यूब अडकतं, पंखा फिरतो, ब्राइटनेस कमी होत नाही' म्हणून बोंब मारतात. अरे, तुम्हीच ग्राफिक्स चिपला घरी बसवलंय, सगळं काम बिचारा प्रोसेसर करतोय!

बरं. हँडल कर्नलच्या हातात आलं, मग २००९ नंतर हँग होणं संपायला हवं होतं. नाही संपलं. कारण हँडल हातात असून उपयोग काय, इंजिन कसं चालतं ते कंपनी सांगतच नसेल तर?

हाच या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. ग्राफिक्स चिपच्या आत शेकडो जागा असतात, कुठे कोणता आकडा लिहिला की काय होतं याची एक जाड वही असते. ती वही ज्याच्याकडे, त्याचा ड्रायव्हर नीट. इंटेलने आपल्या चिपसाठी खुला ड्रायव्हर स्वतःच लिहायला घेतला. एएमडीने सप्टेंबर २००७मध्ये वही खुली करायची घोषणा केली आणि पानं बाहेर येऊ लागली. एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद डब्यात. चालवा, उघडू नका.

बंद डबा चालतो तेव्हा उत्तम चालतो, हे मान्य करू. गेम खेळणाऱ्यांना विचारा. पण तो अडकला की काय? कर्नलवाले लोक तुमचा लॉग बघतात, त्यात बंद ड्रायव्हर लोड झाल्याची खूण असते, टेंटेड म्हणजे बाटलेला कर्नल. ते म्हणतात, आम्हाला आत दिसतच नाही, कंपनीला विचारा. कंपनी म्हणते, तुमचा कर्नल फारच नवा आहे. मधल्या मधे तुम्ही. मुलुंडच्या सोसायटीत पाणी गळतं तेव्हा वरचा म्हणतो खालच्याचा पाइप, खालचा म्हणतो वरच्याचा, तसं.

मग काही लोकांनी ठरवलं, वही नाही तर आपणच वही लिहू. स्तेफान मार्शेसां या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलेला हा प्रकल्प म्हणजे नूव्हो. नावाची गंमत ऐका. एनव्हिडियाचा एक जुना साधा ड्रायव्हर होता, त्याचं नाव फक्त दोन अक्षरं, 'एनव्ही'. मार्शेसां चॅटमध्ये 'एनव्ही' टाइप करायचा आणि त्याचं ऑटोकरेक्ट त्याला 'नूव्हो' सुचवायचं, म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. तेच नाव पडलं!

ही मंडळी काम कसं करायची? बंद ड्रायव्हर चालू करायचा आणि तो कार्डाच्या कुठल्या जागी कोणता आकडा लिहितो ते गुपचूप टिपून घ्यायचं. एक त्रिकोण काढला, काय लिहिलं? रंग बदलला, काय बदललं? समजा, डबेवाल्यांच्या डब्यावरच्या खुणा तुम्हाला कोणीच समजावून सांगितल्या नाहीत. तुम्ही अंधेरी स्टेशनबाहेर रोज उभे राहून कुठला डबा कुठल्या गटात जातो ते बघत राहिलात. सहा महिन्यांत अर्ध्या खुणा कळतील. पण एखादी खूण चुकीची लागली, तर? डबा भलत्याच ऑफिसात. ग्राफिक्समध्ये डबा भलतीकडे गेला की स्क्रीन अडकते. नूव्हो फेब्रुवारी २०१०मध्ये लिनक्स २.६.३३बरोबर कर्नलमध्ये आला. नवाकोरा गेमिंग लॅपटॉप घेऊन लिनक्सची पेन ड्राइव्ह लावली आणि इन्स्टॉल व्हायच्या आधीच सगळं थंड पडलं, असं ज्यांचं झालंय, त्यांची बहुतेक वेळा गाठ याच नूव्होशी पडलेली असते. त्याला शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा की तो उपाशीपोटी लिहिलेला ड्रायव्हर आहे. २०१४च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून तर एनव्हिडियाने चिपच्या आतलं फर्मवेअर सहीशिवाय चालणार नाही असं केलं. त्यामुळे नूव्होला त्या कार्डांचा वेगसुद्धा वाढवता येईना. कार्ड कायम पहिल्या गिअरमध्ये.

त्याच २०१० साली लॅपटॉपमध्ये अजून एक गोष्ट घुसली, ऑप्टिमस. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप. हलक्या कामाला इंटेलची, जड कामाला एनव्हिडियाची, अदलाबदल आपोआप. म्हणजे विंडोजवर आपोआप! लिनक्ससाठी कंपनीने काही दिलंच नाही. मग बाहेरच्या लोकांनी बंबलबी नावाचा जुगाड लिहिला. २०११मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर काढून टाकायची ओळ होती. त्या ओळीत 'यूएसआर' या नावानंतर चुकून एक स्पेस पडली. एक स्पेस! कॉम्प्युटरने वाचलं: अख्खं यूएसआर फोल्डर उडव. म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम साफ. जगभर लोकांचे लॅपटॉप मोकळे झाले. त्या स्पेसवरचे विनोद अजून चालू आहेत.

पुढच्या वर्षी, जून २०१२. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्सची मुलाखत चालू होती. श्रोत्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, माझा ऑप्टिमसवाला लॅपटॉप आहे आणि लिनक्सवर कंपनीची काही मदत नाही, असं का? टॉरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून एनव्हिडियाला जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, मीम तुम्ही पाहिलंच असेल. मीममध्ये फक्त तो दिसतो. प्रश्न विचारणारी दिसत नाही, पण प्रश्न तिचा होता: मी पैसे मोजून घेतलेली वस्तू मला नीट का वापरता येत नाही?

हा प्रश्न त्याच वर्षी पवईतही होता, फक्त वेगळ्या वस्तूबद्दल. आकाश टॅब्लेट आठवतो? लहान असाल तर मोठ्या भावंडांना विचारा. ११ नोव्हेंबर २०१२ला आकाश-२ आला, सरकारी खरेदीची किंमत २,२६३ रुपये. त्याचं काम आयआयटी मुंबईकडे होतं. आत ऑलविनरची ए-१३ चिप, आणि तिच्यात माली-४०० हा ग्राफिक्सचा भाग. टॅब्लेट अँड्रॉइडवर चालायचा, पण पवईच्या टीमने त्यावर पूर्ण लिनक्सही चालवून दाखवलं. विचार भारी होता: दोन-अडीच हजारांत विद्यार्थ्याच्या हातात खरा कॉम्प्युटर. आता ग्राफिक्सचं काय? माली-४००ची वही एआरएम कंपनीने उघडली नव्हती. फेब्रुवारी २०१२मध्ये युरोपात लिमा नावाचा प्रकल्प जाहीर झाला, नूव्होसारखाच, खुणा बघून वही लिहिणारा. तो लिनक्सच्या कर्नलमध्ये कधी आला माहितीय? जुलै २०१९, आवृत्ती ५.२. साडेसात वर्षांनी! तोवर आकाशची योजना कधीच गुंडाळली गेली होती आणि टॅब्लेट माळ्यावर गेले होते. आकाश का फसला याची कारणं बरीच आहेत, सगळं खापर ग्राफिक्सवर फोडणं चूक ठरेल. पण वही बंद राहिली की स्वस्त वस्तूचं आयुष्य आधी संपतं, कारण महागड्या वस्तूच्या मालकाकडे दुसरी घ्यायचा पर्याय असतो.

आणि आपल्याकडे लिनक्स स्वस्त लॅपटॉपवरच जास्त येतं. बिलावर 'डॉस' लिहिलेले लॅपटॉप तुम्ही पाहिले असतील, विंडोजचे पैसे वाचवायला घेतलेले. २०१२मध्ये डेलने भारतात ८५० दुकानांतून उबुंटू घातलेले लॅपटॉप विकायचं जाहीर केलं होतं. बीएस्सी आयटी, सीएसच्या मुलांना लिनक्स अभ्यासालाच असतं. पवईच्याच प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तर लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. धडे चांगले आहेत, पण तुम्ही ते बघत असतानाच स्क्रीन अडकली तर?

आता माझ्याकडची एक गोष्ट. घाटकोपरला आमच्या आत्याच्या मजल्यावर एक मुलगी राहते, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला. सेकंडहँड लॅपटॉप, त्यावर उबुंटू. कंपनी कुठली ते राहू दे. दिवसातून दोन-तीनदा हँग. स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला. त्याने उघडूनही न बघता सांगितलं, "चिप गेली आहे, रीबॉलिंग करावं लागेल, साडेसहा हजार." लॅपटॉप घेतला होता चौदा हजारांना. सेमिस्टरचा प्रोजेक्ट तोंडावर.

रीबॉलिंग म्हणजे चिप मदरबोर्डवरून उचलून तिच्या खालचे सोल्डरचे मणी नव्याने बसवणं. आपल्या दुकानांत हा शब्द इतका का चालतो, त्यालाही इतिहास आहे. २००७-०८च्या सुमाराला एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिप, ८४००एम, ८६००एम वगैरे, तापून-थंड होऊन आतल्या जोडांना तडे जाऊन मरत होत्या. जुलै २००८मध्ये कंपनीने यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं. दुकानांत हीट गन आणि रीबॉलिंगची मशीनं फिरू लागली. गंमत म्हणजे त्या चिपमधले तडे आतल्या बारीक जोडांत होते, खालच्या मोठ्या मण्यांत नव्हे. चिप तापवली की आतले जोड तात्पुरते जुळायचे, लॅपटॉप महिना-दोन महिने चालायचा, गिऱ्हाईक खूश, आणि परत तेच. तो रोग त्या काळातल्या चिपचा होता, पण औषधाचं नाव दुकानाच्या बोर्डावर कायमचं राहिलं.

तिने मला फोन केला. "दादा, घेऊन टाकू का करून? बाबा म्हणतायत एकदाचं संपव."

"थांब. हँग होतो तेव्हा गाणं थांबतं का?"

"नाही ना! तेच तर. गाणं चालू असतं."

"कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का बघ. आणि कंट्रोल, आल्ट, एफ-३ एकत्र दाब."

संध्याकाळी परत फोन. दिवा लागला होता. कंट्रोल-आल्ट-एफ-३ दाबल्यावर काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली होती! म्हणजे कर्नल जिवंत, चिप जिवंत, मदरबोर्ड ठणठणीत. फक्त चित्र बदलायचं थांबलं होतं. आणि अजून एक धागा: गेम किंवा व्हिडिओ चालू असताना कधीच हँग नाही. पीडीएफ वाचताना, कोडकडे बघत बसल्यावर, म्हणजे स्क्रीन स्थिर असताना हमखास.

याला कारण होतं पॅनल सेल्फ रिफ्रेश. लॅपटॉपची बॅटरी वाचवायला ही सोय निघाली. स्क्रीनवर काही हलत नसेल तर शेवटचं चित्र पॅनल स्वतःच्या छोट्या मेमरीत ठेवतं आणि तेच दाखवत राहतं, ग्राफिक्स चिप तेवढ्यात डुलकी काढते. काही हललं की चिपने पॅनलला उठवायचं. चिपने हाक मारली आणि पॅनलने ऐकलीच नाही तर? जुनंच चित्र तिथे. तुम्ही माऊस हलवताय, तो आत हलतोयही, पण तुम्हाला दिसतोय तो मघाचा फोटो! लिनक्सच्या ड्रायव्हरवाल्यांनी ही सोय चालू करून, तक्रारी आल्यावर परत बंद केली आहे. कारण कोणतं पॅनल कसं वागेल हे कंपनीगणिक बदलतं. बूटच्या ओळीत एक शब्द टाकून आम्ही तिच्या लॅपटॉपवर ती बंद केली. हँग थांबला. बॅटरी थोडी लवकर उतरते, बस.

प्रत्येकाचं इतकं सरळ निघतं असं नाही. २०१४-१५चे स्वस्त लॅपटॉप आठवा, इंटेलच्या बे ट्रेल जातीचे. लिनक्सवर ते दगडासारखे अडकायचे, गाणंही बंद, दिवाही नाही. व्हिडिओ बघताना व्हायचं म्हणून सगळे ग्राफिक्स ड्रायव्हरला धोपटत होते. डिसेंबर २०१५मध्ये कर्नलच्या तक्रारवहीत १०९०५१ नंबरची नोंद झाली, आणि कळलं की प्रोसेसरला खोल झोपू दिलं नाही, तर अडकणं थांबतं. त्या एका नोंदीखाली जगभरच्या लोकांनी शेकडो उत्तरं लिहिली. वर्षानुवर्षं! म्हणून आधी हे ठरवा की नक्की काय अडकलंय: चित्र, चिप, की सगळाच कॉम्प्युटर.

त्यासाठी लॉग. परत चालू केल्यावर टर्मिनलमध्ये जर्नल-सीटीएल ही आज्ञा 'उणे बी, उणे एक' जोडून दिली, की मागच्या वेळचा, म्हणजे मरण्याआधीचा जबाब मिळतो. शेवटची पन्नास-साठ ओळी वाचा. इंटेलच्या चिपवर 'जीपीयू हँग' दिसेल, एएमडीवर 'रिंग जीएफएक्स टाइमआउट', एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर 'एक्सआयडी' आणि एक नंबर. यातलं काही असेल तर चिपला दिलेलं काम परतच आलं नाही, असा अर्थ. मग आधी नवा कर्नल करून बघा. नव्यावरच सुरू झालं असेल तर बूट मेनूतून जुना निवडा. यातलं काहीच नसेल, लॉग मधेच तुटला असेल, तर रॅम, तापमान, पॉवर यांच्याकडे बघा. आणि दुकानात जाण्याआधी पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालवून बघा. तिथेही अडकलं, बायोसच्या मेनूतही अडकलं, तर हार्डवेअरवर संशय घ्यायला हरकत नाही. आपल्याकडची धूळ आणि मे महिना बघता पंखा साफ करणं हाही उपाय आहे, आणि तो दोनशे-तीनशेत होतो.

अडकलेला असताना पॉवर बटण दाबून धरायच्या आधी अजून एक: आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून सावकाश एस, यू, बी. एसने डिस्कवर राहिलेलं लिहून होतं, यूने डिस्क सुरक्षित होते, बीने रीबूट. उबुंटूत ही तीन अक्षरं चालतात, काही लॅपटॉपवर एफएन बटणही धरावं लागतं. असाइनमेंट वाचेल.

बाकी, वह्या हळूहळू उघडतायत. मे २०२२मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. पूर्ण नाही, बरंचसं गुपित चिपमधल्या फर्मवेअरमध्ये सरकवून. पण लॉगमध्ये आता काहीतरी वाचण्यासारखं सापडतं. आणि जुलै २०२४च्या लिनक्स ६.१०पासून कर्नल स्वतः कोसळला तर स्क्रीनवर तसं लिहून दाखवायची सोय आली, त्याच वर्षी ६.१२मध्ये तर क्यूआर कोडसकट. हे प्रत्येक हँगला दिसणार नाही, फक्त कर्नल पॅनिकला, आणि तुमच्या ड्रायव्हरने आणि लिनक्सने ते चालू ठेवलं असेल तरच. पण १९९६मध्ये मॉनिटरची फ्रिक्वेन्सी अंदाजे भरणाऱ्या कोणाला सांगून बघा, की मेलेला कॉम्प्युटर आपलं कारण स्क्रीनवर छापतो आणि ते तुम्ही फोनने स्कॅन करता!

पुढच्या एपिसोडमध्ये वायफाय. तिथेही एक वही आहे. भेटू.